सव्वीस जानेवारीचं आवतण

धर्म बदलल्यावर आमच्या घरात पहिली अडचण झाली ती सणांची. देवांची झाली नाही. बाबा नागपूरहून पांढरे कपडे घालून परत आले, कोनाड्यातले देव त्यांनी फडक्यात बांधले आणि नदीत नेऊन सोडले. आई दारात उभी राहून नुसती बघत होती. "जाऊ द्या, त्यायनं बी कधी आपल्याकडं वळून पाह्यलं नाई," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. पण त्यानंतर आषाढातली अखाडी आली आणि बाबांनी कढई चढवू दिली नाही. नागपंचमी गेली, पोळा गेला. पोळ्याचं मला फारसं वाटलं नाही, आमच्याकडे बैल नव्हताच. पण भुलाबाई गेली तेव्हा मी भोकाड पसरलं. गावातल्या साऱ्या पोरी खिरापत ओळखायला या ओट्यावरून त्या ओट्यावर पळत होत्या आणि मी घरात बसून बाबांनी दिलेलं त्रिशरण पाठ करत होते. आईची चरफड वेगळीच होती. सणाच्या निमित्तानं वर्षातून चार वेळा तळण व्हायचं, गूळ फुटायचा, तिच्या हाताला काम मिळायचं. तिच्या हाताला चव होती आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

बाबा उत्साहात होते. महारपुऱ्याचा बुद्धपुरा झाला होता, त्याबरोबर त्यांनी आमची नावंही बदलून टाकली. मी भागीची संघमित्रा झाले. आईला ते नाव काही केल्या उच्चारता येईना, म्हणून दोनच दिवसांत माझी संगी झाली. धाकट्या गुलाबचा राहुल केला, पण तो 'राहुल' म्हटल्यावर वळून बघत नसे आणि 'गुलब्या' म्हटल्यावर बाबा ओरडत, त्यामुळे त्याला बरेच महिने कोणी हाकच मारली नाही. पहाटे आई जात्यावर बसे. तिच्या ओव्यांत जुने देव खच्चून भरलेले होते. जिथे विठ्ठल यायचा तिथे ती क्षणभर थांबे, तिथे बुद्धाला बसवी आणि पुढे जाई. शब्द आखूड पडला तर जात्याचा एक वेढा रिकामा जाऊ देई. अंथरुणात पडल्या पडल्या मला त्या रिकाम्या वेढ्याची घरघर ऐकू यायची. आजही मला धर्मांतर म्हटलं की पुस्तकातलं काही आठवत नाही, ती घरघर आठवते.

"मंग आता आपला सन कोनता?" असं आईनं एकदा सरळ विचारलं. कापसाचे दिवस होते, ती दिवसभर वेचून आली होती, बोटं कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली होती, आणि तशात चुलीपुढे बसली होती. बाबा जरा गडबडले. मग म्हणाले, "सव्वीस जानेवारी." आईनं फुंकणी खाली ठेवली. "त्या दिवशी गोड काय करतेत?" बाबांना हे माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. "मास्तरले इचारतो," ते म्हणाले.

आमचे मास्तर यवतमाळचे. किडकिडीत, गळ्याला कायम मफलर, एकाच खोलीत चार वर्ग शिकवायचे. झेंडावंदनाला ते राज्यघटनेचा सुरुवातीचा उतारा मोठ्यानं वाचत. पोरं पाय खाजवत उभी राहत, आणि कुंपणापलीकडे माझे बाबा हात जोडून उभे राहत, जणू काही ते त्यांनाच वाचून दाखवत आहेत. आदल्या वर्षापासून बाबांच्या डोक्यात एक शंका घोळत होती. सणाचं विचारायला गेले आणि तीच विचारून आले. मी सोबत होते म्हणून मला ते बोलणं आठवतं.

"मास्तर, न्यायाले कोर्ट हाय. स्वातंत्र्याले झेंडा हाय. समतेले कायदा हाय. बंधुतेले काय हाय? तिचं हापिस कुठं हाय?"

मास्तरांनी मफलर सैल केला, पुन्हा आवळला. ते विचारात पडले की असंच करत. "तिचं ऑफिस नाही सखारामजी," ते शेवटी म्हणाले. "ती माणसांनी आपली आपण करायची असते."

"अन् नाई केली तं?"

"तर नुसती लिहिलेली राहते."

बाबा झपाझप चालत घरी आले. दारात चपला काढता काढता आईला म्हणाले, "सव्वीस जानेवारीले रोडगे करू. साऱ्या गावाले चूलबंद आवतन देऊ." आईनं त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, ती आता कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघणार.

आमच्याकडे आवतणाचे प्रकार होते. घरटी एक माणूस बोलावलं की एकाचं. आणि चूलबंद म्हणजे लहानथोर सगळे. सकाळचा चहा झाला की त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही, कारण घरात जेवायला कोणी उरतच नाही. एकदा 'येतो' म्हटलं आणि तरी चूल पेटवली तर वर्षभर घरात बरकत राहत नाही, असं बायका मानत. बायका हे फार मनापासून मानत, कारण वर्षातला तेवढाच एक दिवस त्यांना धूर खावा लागत नसे. हल्ली माझ्या मोबाईलवर लग्नपत्रिका येतात. त्यात 'सहकुटुंब सहपरिवार' छापलेलं असतं आणि खाली किती जण येणार ते कळवा असंही असतं. माझी सून आकडा कळवते आणि वर घरी भातही टाकून जाते.

या आवतणाची एक खुबी सांगितली पाहिजे. गावातली आवतणं घरोघर पोचवायचं काम आमच्याच घराण्याकडे होतं. आजोबांनी जन्मभर तेच केलं. अंगणाबाहेर काठी आपटायची, "अमक्याकडचं चूलबंद हाय वो माय" अशी हाळी द्यायची, आतून "बरं, येतो" आलं की पुढच्या घरी जायचं. ज्या जेवणांची आवतणं त्यांनी दिली, त्यातल्या एकाही पंगतीत ते बसले नाहीत. सगळ्यांचं झाल्यावर आपलं भांडं घेऊन जायचं आणि उरलेलं घरी आणायचं. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी गावकीची सारी कामं सोडली, त्यात हेही सुटलं. त्यामुळे त्या थंडीत माझे बाबा अंगणाअंगणाबाहेर उभे राहून "सव्वीस तारखेले चूलबंद हाय वो माय" अशी हाळी देऊ लागले, तेव्हा गावाला वाटलं, सखाराम पुन्हा कामावर आला. बायका आतून सवयीनं "बरं, येतो" म्हणत. बाबा पुढे निघाले की मग एखादीला आठवे आणि ती विचारी, "कोनाकडचं हाय गा?"

"माह्याकडचं," बाबा सांगत.

एवढं सांगून ते पुढच्या घरी हाळी द्यायला निघत. ही युक्ती त्यांनी मुद्दाम केली का, हे मी त्यांना म्हातारपणी विचारलं होतं. ते नुसते मिशीत हसले. त्यांनी युक्ती केली नसावी. कोणाकडचं हे आधी सांगायचं त्यांच्या जिभेवर आलं नसेल, इतकंच.

दोन दिवसांनी गावचे पाटील स्वतः आमच्या अंगणात आले. माणूस वाईट नव्हता. बोलायला तर फारच गोड. "सखाराम, बेत चांगला हाय गा," ते म्हणाले. "गावानं यायलेच पाह्यजे. फक्त असं कर. आचारी मी धाडतो, भांडी माह्याकडची. तुमी लोकं लाकडं फोडा, पानी भरा, मान तुमचाच. म्हंजे कोनाची अडचन नाई." बाबांचा चेहरा उजळला. पाटलांनी हो म्हणणं ही लहान गोष्ट नव्हती, त्यांच्यामागून सारं गाव आलं असतं. ते हात जोडून "व्हय जी" म्हणणार तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला.

"चूल त्यायचीच, हात त्यायचा, भांडी बी त्यायचीच. मंग आवतन आमचं कसं झालं वो?"

बाबा तिच्याकडे वळले. "यमुने, तू गप राह्य."

"मी गपच हावो. मले फक्त सांगा, मी का नुसती पाहत बसू? त्यायच्या वावरात माह्या हातचा कापूस चालते, माह्या हातची तूर चालते, माह्या हातचे गहू निवडलेले चालतेत. ते गहू भिजवले की बाटले का? माह्या हातचं खायचं असंन तं या म्हना. नसंन तं घरी सुखी राहा."

पाटील मंद हसले, "पाहा बा तुमचं तुमी," असं म्हणून उठले आणि गेले. बाबा आईशी तीन-चार दिवस बोलले नाहीत. जेवताना भाकरी हवी असेल तर मला सांगत, "संगी, तुह्या मायले सांग भाकर दे." आई हातभर अंतरावर बसलेली असे. ती मला म्हणे, "संगे, तुह्या बापाले सांग, घ्या." पण थट्टा बाजूला ठेवून सांगते, घरात भीती होती. वस्तीतल्या प्रत्येक घरानं पायली-अर्धा पायली गहू, नवी तूर, वांगी आणून ओतली होती. कोणीच आलं नाही तर ते अन्न आठवडाभर आम्हीच खात बसणार होतो, आणि गावभर हसू होणार होतं. ते हसू आईच्या नावावर जमा झालं असतं, कारण आचारी तिनं नाकारला होता.

त्या दिवशी पहाटेपासून वस्तीमागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्यांची रास पेटली. ज्यांनी रोडगे कधी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गव्हाचं भरड पीठ घट्ट भिजवायचं, पापुद्र्यावर पापुद्रा तेल लावून मुठीएवढे गोळे वळायचे आणि लाल निखाऱ्यात पुरायचे. वर करपतात, आत शिजतात, मग फडक्यात घेऊन राख झटकायची. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचं वरण. त्या वासानं मेलेलं माणूस उठून बसेल. गोडाला आईनं गुळाचा सांजा केला होता, त्यामुळे सव्वीस जानेवारीला गोड काय करतात हा देशापुढचा प्रश्न आमच्यापुरता मिटला.

झेंडावंदन करून मी पळत आले आणि मागच्या बरडावर चढले. तिथून गावाची सारी घरं दिसत. आईनं मला तसं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली होती, "बरडावरून काड्या घेऊन ये," आणि काड्यांचा ढीग तिच्या मागेच पडला होता. सकाळचा चहाचा धूर येऊन गेला होता. चहाचा धूर पातळ असतो, चटकन विरतो. स्वयंपाकाचा धूर दाट असतो आणि घरावर रेंगाळतो. ऊन चढलं तरी तो धूर दिसेना. पाटलांच्या घरावर तेवढा दिसत होता, बाकी घरं कोरडी. मी धावत खाली येऊन ओरडले, "बाबा, चुली बंद हायेत!" बाबांनी डोक्यावरची टोपी नीट केली. आईनं मान वर केली नाही, पण वरणाच्या भांड्यात तिचा हात ढवळायचा थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

पण माणसंही येईनात. चुली बंद आणि वाटही रिकामी, हे काही कळेना. सगळ्यात आधी आले ते पलीकडच्या तांड्यावरचे लमाण. नायक पुढे, मागे आरशांच्या घागऱ्यांतल्या बायका. नायकानं आईला "याडी" अशी हाक मारली, म्हणजे त्यांच्या बोलीत आई, आणि मांडी घालून बसला. बाबांना आनंद झाला, पण पुरता नाही. तांडाही गावाबाहेरच होता, आम्हीही गावाबाहेरचेच.

मग एक जीप धुरळा उडवत आली आणि तालुक्याचे एक पुढारी उतरले. त्यांना कोणी बोलावलं होतं हे आजवर उलगडलेलं नाही. त्यांना पाट दिला, पत्रावळ मांडली. त्यांनी रोडग्याचा कोपरा मोडला, वरणात बुडवल्यासारखा केला, जिभेला लावला आणि डोळे मिटून "अमृत!" म्हणाले. मग उभं राहून बंधुतेवर भाषण केलं. भाषण इतकं लांबलं की नायकाचा डोळा लागला. "अशा माउलीच्या हातचं अन्न खायला भाग्य लागतं," असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या आणि जीप गेली. पत्रावळीवर तो रोडगा कोपरा मोडलेला तसाच होता. आईनं तो उचलून आमच्या कुत्र्याला टाकला.

दुपार कलायला लागली तेव्हा गावाच्या बाजूनं बायकांचा घोळका येताना दिसला. पुढे पारबताकाकू. आई जिच्या वावरात कापूस वेचायला जात असे ती कुणब्याची बाई, उंच, हाडापेरानं दणकट. कडेवर नातू, मागे सुना, शेजारणी, शेंबडी पोरं. आणि बऱ्याच अंतरावर लिंबाच्या झाडापाशी गावातले पुरुष उभे. पुढे येत नव्हते, मागेही जात नव्हते.

झालं होतं असं. आदल्या दिवशी पुरुषांनी पारावर बसून ठराव केला होता की कोणी जायचं नाही. ठराव एकमतानं झाला. फक्त चूल कोणाच्या हातात असते, याचा विचार करायचं राहून गेलं. सकाळी प्रत्येकानं घरी जाऊन सांगितलं, स्वयंपाक करा. आणि घराघरांतून उत्तर आलं की आम्ही दारातून 'येतो' म्हटलं आहे, आता चूल पेटवून वर्षभराची बरकत घालवायची का? दुपारपर्यंत पुरुषांनी शेंगदाणे खाल्ले, बोरं खाल्ली, पाणी प्यायलं. तिकडून रोडग्यांचा वास येत होता. शेवटी पोरं रडायला लागली तशी पारबताकाकू उठली.

ती आली आणि आमच्या गयाआत्याशेजारी पंगतीत बसली. मधे जागा सोडली नाही, तशी जागाही नव्हती.  आईनं वाढलं. वरण पत्रावळीबाहेर सांडलं. काकूनं रोडगा कुस्करला, वरण ओतलं, मोठा घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. आणि लिंबाच्या झाडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"यमुने, वरनात मीठ कमी हाय वं."

बाबांचा चेहरा पडला. गयाआत्यानं घास हातातच धरला. ज्या बाईच्या वावरात आपण मजुरी करतो, ती आपल्या दारात बसून नावं ठेवते आहे. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"कमी हाय तं मांगा नं! तोंड नाई का? मीठ त्या पानाच्या दुरनात हाय."

"मी काहून मांगू? वाढनारीले समजत नाई का?"

"समजते. बाकी कोनाले कमी लागलं नाई, तुमालेच लागलं."

"अन् हा रोडगा मधात कच्चा हाय."

"कच्चा? दाखवा कुठं कच्चा हाय! दाखवाच!"

काकूनं दाखवायला रोडगा उचलला, पण त्यातला निम्मा खाऊन झालेला होता, म्हणून तिनं उरलेलाही तोंडात टाकला आणि दुसरा मागितला. नणंदा-भावजया लग्नघरात भांडतात तशा त्या दोघी भांडत होत्या. पंगतीत कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसायला लागले. तो गलका ऐकून लिंबाखालचे पुरुष, भांडण सोडवायच्या निमित्तानं म्हणा, एकेक करत आले आणि आले तसे बसले. सगळे आले नाहीत. काहीजण लिंबावरूनच परत फिरले. पाटील आले नाहीत, त्यांच्या घरचा धूर दुपारभर दिसत राहिला. पण सांजा पुरला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, कारण माझ्याच वाट्याला तो आला नाही.

सारे गेल्यावर बाबा आईशी बोलले, मला मधे न घालता. चिडलेलेच होते. "पारबताबाईनं साऱ्यायपुढं नावं ठेवली. त्या पुढाऱ्यानं पाह्य किती वाखानलं."

"त्यानं खाल्लं कुठं?" आई म्हणाली. "नावं ठेवायले खावं लागते."

मग तिनं भांड्याच्या तळाचं वरण बोटानं चाखलं. आणि हसायला लागली. मीठ खरंच कमी होतं. "जास्त झालं तं काय म्हनतीन, या धाकानं हात आखडला वो," ती म्हणाली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, हाताला सारी राख होती. मी माझ्या फ्रॉकच्या घेरानं पुसले. त्या दिवसाइतकी माझी आई मला पुन्हा कधी आवडली नाही, आणि तशी ती मला नेहमीच आवडायची.

माझा नातू आता राज्यघटनेचा तो उतारा एका दमात म्हणून दाखवतो. 'बंधुता' येईपर्यंत त्याचा श्वास संपत आलेला असतो, त्यामुळे तो शब्द तो नेहमी पळत पळत म्हणतो. मी त्याला थांबवत नाही. मी शाळेत तीस-बत्तीस वर्षं पोरांना तो शब्द समजावला, फळ्यावर लिहून, उदाहरणं देऊन, आणि एकदाही तो मला धड समजावता आला नाही.

पुढच्या वर्षी सव्वीस जानेवारीला बाबांना आवतण द्यायला अर्धंच गाव फिरावं लागलं, बाकीच्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं. पहाटे आई चुलीपुढे बसली तोच अंधारातून पारबताकाकू आली. डोक्यावरून पदर, हातात स्वतःच्या घरची मिठाची बरणी. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी धाडलं नव्हतं. आईच्या शेजारी फतकल मारून बसली आणि म्हणाली, "सरक तिकडं. औंदा मीठ मी टाकतो." आई सरकली.

त्या वर्षीचं वरण खारट झालं. इतकं खारट की माणसं घासागणिक पाणी पीत होती. पण साऱ्या पंगतीत कोणी चकार शब्द काढला नाही. एकटी आई तेवढी वाढता वाढता प्रत्येकाला विचारत होती, अगदी काकूला ऐकू जाईल अशा आवाजात, "काय वो, मीठ बराबर हाय नं?"